पाच बोटांचे फोड

अमरावतीच्या एमआयडीसीत माझा पावडर कोटिंगचा लहानसा कारखाना आहे. लोक रंग पाहतात आणि पावडर फवारायची बंदूक चालवणाऱ्याचं कौतुक करतात. रंग टिकतो तो मात्र त्याच्या आधीच्या धुण्यावर. पत्र्यावरचं तेल काढायचं, गंज काढायचा, फॉस्फेटचा थर द्यायचा, मग पावडर मारून भट्टीत भाजायचं. हे धुण्याचं काम माझ्याकडे बारा वर्षं एकच माणूस करत होता.

त्याच्यासारखा कारागीर मी पाहिलेला नाही. टाकीतून निघालेल्या प्रत्येक पत्र्यावर तो मगभर पाणी सोडायचा आणि मान तिरकी करून बघायचा. पाणी सलग पसरलं तर पत्रा पुढे जायचा. कुठे थेंब तुटले, तर तिथे तेल राहिलं म्हणून परत टाकीत. "डोये मिटून मारा आता पावडर," असं तो म्हणाला की मी खरंच निर्धास्त असायचो.

तो अकोल्याचा. रोज पहाटेच्या गाडीने यायचा. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, अकोल्याचा डाळ मिलवाला, जठारपेठेत राहणारा, स्वतःचं कोटिंगचं युनिट टाकत होता. त्याला प्रमुख म्हणून हाच माणूस हवा होता. घराजवळचं काम आणि मोठा हुद्दा. मी वरवर हो म्हणालो होतो.

त्या दसऱ्याला याच मिलच्या विजेच्या पॅनलची दारं भट्टीत जायची होती. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. माझे वडील तेलात शेंदूर कालवून नव्या मालावरही पाच बोटं उमटवायचे. मीही एका दारावर उमटवली.

तो धावत आला. "भाऊ, बंदुकीले लावा, भट्टीले लावा. मालाले काहून लावता?"

"पुसतो ना," म्हणत मी रुमालाने पुसलं.

"पुसून तेल जात नाई. परत टाकीत टाकू. दोन घंटे लागतीन, मी थांबतो."

तो बौद्ध. त्या दिवशी त्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, बायको-मुलं बडनेऱ्याला स्टेशनवर वाट बघत होती. तरी तो थांबायला तयार होता. मीच मुहूर्त टळेल म्हणून पावडर मारायला लावली.

चार महिन्यांनी मिलवाल्याने आम्हाला बोलावलं. एका दारावर पाच बोटांसारखे फोड आले होते आणि रंग सालपटासारखा निघत होता. माझा माणूस मिलमध्ये दार बघत थांबला, मी ऑफिसात गेलो.

"तुमचा माणूस तर लय पक्का म्हणत होते तुमी," मिलवाला म्हणाला. "हे कसं झालं मंग?"

माझ्या तोंडून निघालं, "दसऱ्याचा दिवस होता. त्याला नागपूरला जायची घाई होती."

मी हे ठरवून बोललो नव्हतो, पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही. आणि खरं लिहायचं तर, "मंग राहू द्या, दुसरा पाहतो," असं मिलवाला म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. माझा माणूस माझ्याकडेच राहणार होता.

दार परत आणलं. त्याने एका शब्दानेही कुरकूर न करता रंग उतरवला, पत्रा घासला, धुतला, नव्याने कोट केला. ते दार आजही पाहण्यासारखं आहे. आठ दिवस मला त्याच्या टाकीजवळ उभं राहवत नव्हतं. शेवटी गेलो आणि सगळं सांगितलं.

तो हातमोजे काढत म्हणाला, "बोटं तुमची आहेत हे मले तिथंच समजलं होतं. मी हात ठेवून पाह्यला, माहा पंजा लहान पडला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी सांगसान असं वाटलं." त्याने हातमोजे टाकीच्या कडेवर वाळत टाकले. "बोटायचं काही नाई भाऊ. चूक होते माणसाची. नागपूरचं काहून मधात आणलं? मी तर थांबतो म्हटलं होतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हे मिलवाल्या शेठले सांगा," तो म्हणाला. "माह्यासमोर."

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला गेलो. मी उभ्यानेच सांगितलं: शेंदूर माझा, बोटं माझी, घाई माझी, आणि हा थांबायला तयार होता. मिलवाल्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तू काहून नाही बोलला गड्या?" त्याने त्याला विचारलं.

"मले कोणी विचारलंच नाई, शेठ."

मिलवाला जरा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसला. मग म्हणाला, "नव्या युनिटच्या टाक्या आल्या आहेत. लावायच्या राहिल्या. पाहून घे एकदा, तुले कशा पाह्यजेत त्या."

माझ्या माणसाने मला विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. पायरी उतरताना एवढंच म्हणाला, "तुमी व्हा पुढं भाऊ, मले येळ लागन." मी अमरावतीला एकटाच परत आलो.