हा स्फोट ऐकू येत नाही

ग्विडॉन पिएत्शिक सरांनी बावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. मग पोलंडमधल्या वूच शहरातल्या कापडगिरण्या बंद पडल्या, पाठोपाठ शाळेलाही कुलूप लागलं. ब्याण्णव साली सर एका व्हिडिओ कॅसेट कंपनीसाठी अमेरिकन सिनेमांचं पोलिश भाषांतर करू लागले.

त्यांनी लिहिलेलं हिलरी डुडा नावाचा निवेदक सिनेमाच्या मूळ आवाजावरून वाचायचा. नायक, नायिका, तान्हं बाळ, राक्षस, सगळ्यांना आवाज एकच. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" आणि "पळा, पृथ्वी संपली" ही दोन्ही वाक्यं तो स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं उशिरा असल्याचं सांगावं तशी म्हणायचा. शेवटी रिवाजाप्रमाणे "मजकूर अमुक, वाचन हिलरी डुडा." सरांच्या कॅसेटवर नुसतंच वाचन, मजकूर कुणाचा ते नाहीच. मालकीण फेलित्सियाबाई म्हणायची, "तुम्हाला कोण ओळखतं हो सर?"

बावीस वर्षांत शिकवलेली पोरं त्याच शहरात टीव्हीसमोर बसलेली होती. एकदा नाव कानावर पडलं असतं, तर सर अजून आहेत एवढं तरी त्यांना कळलं असतं. सरांना दुसरं काही नको होतं.

मग तो सिनेमा आला. दुसऱ्या ताऱ्यावरचे जीव आपले समुद्र प्यायला येतात. सरांचं डोकंच फिरलं. वाटेत शनीभोवती बर्फच बर्फ, तो ओलांडून हे खारट पाणी प्यायला खाली? वर अंतराळात यान फुटतं ते धडाडधूम करत! सरांनी कागदावर दोन वाक्यं वाढवली. हिलरीने ती जांभई दिल्यासारखी वाचून टाकली.

"हा स्फोट प्रत्यक्षात ऐकू येत नाही, तिथे हवा नाही."

"बर्फ शनीजवळ होता, यांना दिसला नाही."

पंधरा दिवसांनी बाईने बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच सर गेले. बाई डोळे पुसत होती, हसून हसून.

"अहो, कॅसेटवर उड्या पडतायत! लोक सोफ्यावरून खाली पडतायत!"

"त्यात हसण्यासारखं काय? खरं आहे ते."

"म्हणून तर! पुढच्यात वीस टाका. आणि तुमचं नावही घालते. विनोद, ग्विडॉन पिएत्शिक."

"मजकूर म्हणा ना."

"विनोद. नको असेल तर राहू द्या, दुसरा कुणीतरी बघते."

"वीस चुका नसतात एका सिनेमात, बाई."

"मग खोट्या घाला! कोण तपासायला बसलंय?"

सरांनी चार दिवस सिनेमा मागेपुढे फिरवला. खऱ्या अकराच निघाल्या. उरलेल्या नऊ त्यांनी एका दुपारी बसून लिहिल्या, खाडाखोड न करता.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हिलरी मध्येच थांबला. कामात तो कधी थांबत नसे.

"सर, चंद्रावर सावली पडत नाही? मला माहीतच नव्हतं. घरी पोरीला सांगतो."

सर काचेच्या अलीकडे उभे होते. ते वाक्य त्या नऊंपैकी होतं. शाळेत असं कुणी विचारलं की ते खडू घेऊन फळ्याकडे वळत. त्यांनी आत बोलायचं बटण दाबलं.

"वाच पुढे."

हिलरीने वाचलं. शेवटच्या पाटीवर त्याच मेल्या आवाजात तो म्हणाला, "विनोद, ग्विडॉन पिएत्शिक."