रिमच्या आतला पंजा

“जुनी वस्तू खुशाल घ्या सायेब, पण धुतल्याबिगर उंबऱ्याच्या आत घेऊ नका,” जालिंदर एकदा म्हणाला होता. तेव्हा विषय सोफ्याचा होता. कतार सोडून निघालेल्या एका कुटुंबाचा सोफा कौशिक आणि त्याची बायको भैरवी यांनी घेतला होता. जालिंदरने तो पिकअपमधून आणून दिला आणि दारातच बादलीभर हळदीचं पाणी मागितलं. सोफा पांढरा होता. भैरवी हसत सुटली. शेवटी चार थेंबांवर तडजोड झाली, आणि ते चार डाग अजून गेलेले नाहीत.

जालिंदर करमाळा तालुक्यातला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात वाकलेल्या रिम सरळ करायचं त्याचं काम. राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, एका खोलीत चौघं. बायको ममता आणि आई मुक्ताबाई गावाकडे. त्या त्याला रोज फोनच्या काचेवर भेटत. गॅरेजात तो हिंदीत जेवढ्यास तेवढं बोले. मराठी मात्र त्याच्या आत साठून राहिलेली असायची. जॅकला त्याने घातलेली एक अस्सल शिवी ऐकूनच कौशिकने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं होतं. “गावाकडचे का?” एवढंच विचारलं, आणि नंतर तासभर जालिंदर बोलत होता.

कौशिक दोह्यातल्या वेस्ट बेच्या एका उंच इमारतीत इंजिनिअर, घरी भैरवी आणि लहानगी मुलगी उर्वी. पुलांची गणितं करायचा आणि स्वप्नं जुन्या अमेरिकन मोटारींची बघायचा. एक मिळालीही. एकोणसत्तर सालची, लांब नाकाची, चालू केली की शेजारच्या खिडक्या थरथरायच्या. पण चाकं तिची नव्हती. कुणीतरी साध्या लोखंडी रिम बसवल्या होत्या. “नवरदेवाला रबरी चप्पल घातल्यागत दिसतंय,” जालिंदर म्हणाला. तिला हवी होती तिच्या काळातली, पाच पात्यांची अॅल्युमिनियमची चाकं, आणि ती आता कुणी बनवत नव्हतं.

ती सापडली अल गराफात, कमालसाहेबांकडे. कमालसाहेब मूळचे कराचीचे, आयुष्य दोह्यात गेलेलं. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी चादर बाजूला केली. धुळीखाली चारही रिम होत्या, एकही तडा न गेलेल्या. त्यांच्या मुलाकडे अशीच मोटार होती. मुलगा आजारात गेला. मोटार गेली, चाकं राहिली.

“एकच गोष्ट,” ते म्हणाले, आणि एक रिम उलटी केली.

आतल्या बाजूला लाल रंगात एक पंजा उमटला होता. ब्रेकचे ड्रम रंगवताना मुलाने ओल्या हाताने ती रिम उचलली होती. पाचही बोटं स्वच्छ. रंग इतका जाड की बोट फिरवलं तर कड लागायची. कमालसाहेबांनी ती कड चाचपून पाहिली. हे ते रोज करत असावेत.

“बाहर से जो करना है करो, बेटा. ये रहने देना.”

“वादा,” कौशिक म्हणाला. त्या क्षणी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

जालिंदर दारातच उभा होता. बाकीच्या तीन रिम त्याने खांद्यावरून पिकअपमध्ये टाकल्या. चौथीला हात लावला नाही. ती कौशिकनेच उचलून ठेवली. कौशिकला वाटलं, हा आदर आहे. त्याला ते फार आवडलं.

दसऱ्याला मोटारीची पूजा करायची आणि कमालसाहेबांना दाखवायला बोलवायचं, असं ठरलं. बाहेरून पॉलिश करायला रिम गॅरेजात गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी कौशिक गॅरेजात पोचला तेव्हा मोटार लिफ्टवर होती. तीन चाकं बसली होती. बॉनेटवर झेंडूचा हार, खाली चार लिंबं मांडून ठेवलेली. चौथं चाक जमिनीवर उलटं पडलं होतं. कौशिक वाकला. आत त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

मग त्याने हात घालून पाहिलं. गुळगुळीत. थंड.

“जालिंदरभाऊ, ही ती रिम नाही ना?”

“तीच हाय.”

“मग पंजा?”

“धुतला.” जालिंदर फडक्याने हात पुसत होता. “रंग काढायचा रिमूव्हर लावला, मग बफ मारून चकाचक केला. लई चिवट रंग होता.”

“तुम्ही ऐकलं होतं! तुमच्यासमोर मी शब्द दिला त्यांना!”

“ऐकलं की.”

“मग?”

“मग काय? उर्वीला ह्याच गाडीत बसवणार न्हवं तुमी? गेलेल्या पोराचा हात चाकाला धरून, आन् त्याच्यावर आपली पोरगी?” त्याचा आवाज चढला नव्हता. “तुमी शिकलेली माणसं. तुमाला सांगून पटलं नसतं. म्हणून न्हाय सांगितलं.”

“अहो, पण ही काय अंधश्रद्धा...”

“आमच्या धाकल्या भावानं, बाबूनं, सेकंडहँड मोटरसायकल घेतली होती,” जालिंदर म्हणाला. “टाकीवर आदल्या मालकाच्या मेलेल्या पोराचं नाव. मी म्हटलं, घासून काढ. त्यो म्हणाला, र्‍हाऊ दे दादा, त्याच्या आईनं सांगितलंय. त्या आठवड्यात घाटात गेला. मी गोळा केला सायेब त्याला. टाकी शाबूत होती. नाव वाचता येत होतं.”

एवढ्या वर्षांत जालिंदरने बाबूचं नाव अनेकदा घेतलं होतं. बाबू असा खातो, बाबू तसा हसतो. बाबू नाही, हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. रागाला जागा हवी होती आणि ती एकदम काढून घेतली गेली होती. खाली चमकणाऱ्या धातूत त्याचा चेहरा अजून होता, तोंड उघडं पडलेला.

फोन वाजला. कमालसाहेब कोपऱ्यावर पोचले होते.

“बसवा,” कौशिक म्हणाला.

“काय?”

“चाक बसवा. लवकर. आतलं दिसता कामा नये.”

जालिंदरने त्याच्याकडे पाहिलं. मग चाक उचललं, डाव्या बाजूला मागे चढवलं, नट आवळले आणि लिफ्ट खाली घेतली.

कमालसाहेब इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले होते, जणू कुणाच्या लग्नाला. मोटारीभोवती हळूहळू फिरले. “माशाल्ला,” म्हणाले. हार पाहून हसले, लिंबं पाहून आणखी हसले. “ये निंबू शरबत के लिए हैं क्या?” मग थांबून विचारलं, “कौन सा है?”

कौशिकने मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. “ये. वैसे ही है, अंकल. जैसा था.”

जालिंदरला हिंदी नीट समजत होती. त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

म्हातारा बंपर धरून खाली बसला. गुडघे टेकायला त्याला वेळ लागला. मग त्याने दोन पात्यांच्या फटीतून हात आत घातला, मनगटापर्यंत. बोटं आत चाचपत होती. इकडे, मग तिकडे. दुसऱ्या फटीतून पाहिलं. परत पहिल्या.

कौशिकला वाटलं, आता सांगावं. पण त्याने बॉनेटवरचा हार उगाच सरळ केला.

“नहीं लग रहा,” कमालसाहेब म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढून उलटसुलट करून पाहिला, आणि ओशाळून हसले. “मेरी ही उँगलियाँ मोटी हो गई हैं. उम्र है, भाई. वो तो अंदर होगा ही.”

मग चाकाजवळ तोंड नेऊन, शाळेत निघालेल्या पोराला म्हणावं तसं हळूच म्हणाले, “चलो बेटा, घूम आओ.”

जालिंदर भिंतीला टेकून उभा होता. आपल्या दोन्ही हातांकडे, नखांच्या कडेला अडकलेल्या लालसर रेषेकडे तो कुणा परक्याच्या हातांकडे पाहावं तसा पाहत होता. कौशिकने हाक मारली, “जालिंदरभाऊ, नारळ...”

त्याने फडकं बाकावर ठेवलं. कमालसाहेबांच्या मागून, त्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, तो शटरच्या दिशेने गेला आणि बाहेरच्या उन्हात चालता झाला.