मद्रासच्या चिठ्ठीतलं नाव

माही बायको जाऊन आता सात महिने झाले. भेटायले येणारे म्हणतात, तुमी दोघं एकदा मद्रासच्या यात्रेले गेले होते, त्याचं सांगा. गेलो होतो, खरं आहे. कबर पाह्यली, टेकडी चढलो, समुद्रात पाय बुडवले. पण मले ते कमी आठवते. जायच्या आधीचे दिवसच जास्त आठवतात, म्हणून तेच लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलं तर चुकलं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या मधातली गोष्ट. मी बल्लारशाले लाकडाच्या डेपोत सागाचे लठ्ठे रचायच्या कामावर होतो. आमची कॅथलिक घरं मोजून सहा-सात. शेजारची तेलगू बाई मद्रासले जाऊन आली आन् हिच्या डोक्यात भरलं. येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाची कबर तिथी आहे, त्याले मारलं ती टेकडी आहे, आन् दिल्लीहून येणारी गाडी आपल्याच ठेसनातून सरळ तिथी जाते. "गाडी बदलायचीबी नाई," ही म्हणे, जसं देवानं रूळ आमच्यासाठीच टाकले.

मंग तयारी सुरू झाली. शेळी कोणाकडे बांधायची, भाकरी किती दिवस टिकते, पेटीले कुलूप कोणतं. सर्वात मोठा पेच जेवणाचा. त्या काळात रात्री बारानंतर घास खाल्ला तर सकाळच्या मिस्सेत, म्हंजे देवळातल्या पूजेत, ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. गाडी पोचणार सकाळी, आन् हिले तर उतरल्याबरोबर कबरीजवळच प्रसाद घ्यायचा होता. म्हणून ठेसनावर रूळ बदलणाऱ्या पॉइंटमनले जाऊन इचारे, "भाऊ, बारा वाजता गाडी कुठी असते?"

तो म्हणे, "बेझवाड्याच्या आसपास, बाई. पण गाडी लेट झाली तर तुमचा देव ऐकून घेते का नाई, ते मले मालूम नाई."

ही हसली नाई. "त्याच्या आधीच खाऊन घेऊ," म्हणे.

एवढा अट्टहास कशासाठी ते मले माहीत होतं. आमची एकच पोरगी झाली आन् घटकाभरात गेली. सुईण म्हणाली होती, हे राहत नाई. मरत्या लेकराले कोणीबी बाप्तिस्मा देऊ शकते. डोक्यावर पाणी टाकायचं आन् बाप, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं तुले बाप्तिस्मा देतो म्हणायचं, बस्स. लहानपणी शिकवलं होतं मले. मी पाणी टाकलं. पण घाबरलो, तोंडातून निघाली ती रोजची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा'. तीच सारी म्हटली. म्हणेपर्यंत पोरगी गेली. फादरनं इचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. ते म्हणाले, बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून आत पुरता येत नाही. मंग तिले दफनभूमीच्या कुंपणाबाहेर मोहाच्या झाडाखाली पुरलं. पुढं लेकरू झालं नाई. बायकोनं मले एका शब्दानं टोकलं नाई. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

मद्रासले यात्रेकरूंच्या जागेत उतराचं तर आपल्या फादरची चिठ्ठी लागे. फादर तेच होते, मंगळूरकडचे, पुस्तकातली मराठी बोलायचे. ओसरीत बसून लिहायले लागले.

"किती जण?"

"दोघं," मी म्हटलं.

"मुलं?"

"नाईत."

"आहे एक," ही म्हणाली. "कुंपणाबाहेर आहे."

फादरनं टाक खाली ठेवला. "बाई, तो नियम मी केलेला नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तिथी चालली. ज्याची कबर आहे त्यानं येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाई म्हटलं होतं. तरी देवानं त्याले हाकललं नाई. माह्या मालकानं पाणी टाकलं, देवाचं नाव घेतलं, फक्त वाक्य चुकलं. माही पोरगी काऊन बाहेर? हेच इचाराचं आहे त्याले."

मले वाटलं, आता चिठ्ठी काई भेटत नाई. फादरनं कागद जवळ ओढला. मंग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाई. पण तिथल्या फादरांना लिहितो, की मुलीची आठवण करून एक मिस्सा करा." त्यायनं टाक उचलला. "नाव काय तिचं?"

नावच ठेवलं नाई, असं म्हणायले मी तोंड उघडलं, तर हिनं नाव सांगितलं. थांबली नाई, इचार केला नाई. रोज हाक मारत असल्यासारखं सांगितलं. फादरनं ते चिठ्ठीत लिहिलं. मी इथी लिहीत नाई, ते आमचं आहे.

फादरकडून वापस येताना मी चिडलो. "इतके वर्षं मले सांगितलं काऊन नाई वं?"

"तुमी इचारलं कधी?"

खरं होतं. डेपोजवळ आलो. मंग ते नाव तोंडानं म्हणून पाह्यलं. एकदा म्हटलं, अजून एकदा म्हटलं.

"हळू म्हणा," ती म्हणे, "लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे," मी म्हटलं.