कोणाचं हाय हे लाकूड?

आत्याच्या हातात कुणी लाकडाचा तुकडा दिला, की ती तुकड्याकडे नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची. मग सुरू व्हायचं, "कोणाचं हाय हे लाकूड? तोडलेलं का पडलेलं? उचलताना कोणी पाहिलं?" एवढी उलटतपासणी कोर्टातही होत नसेल. समाधान झालं तरच ती ते मांडीवर घ्यायची, नाहीतर "घेऊन जा बाबा" म्हणून परत करायची.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझ्या नवऱ्याची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली आणि आम्ही एका गल्लीत भाड्यानं खोली घेतली. पाठोपाठ दुष्काळ आला. टँकरचा काही नेम नसायचा, म्हणून बाया दुपारभर चौकातल्या कडुनिंबाखाली घागरी मांडून बसायच्या. सगळ्यांपासून जरा लांब, पाठ खोडाला टेकवून आत्या बसायची आणि पिठलं ढवळायचे चाटू चाकूनं कोरायची. "मागून कोणी यायला नको," म्हणून म्हणे ती खोडाला टेकायची. किनवटकडची विधवा बाई; नात्यानं कोणाची नाही, पण सारी गल्ली तिला आत्या म्हणायची. नवरा लाकडी खेळणी करायचा, त्याच्याकडून हात शिकलेली. एक लहान खोली, बुद्धाची तसबीर आणि हत्यारांचं गाठोडं, एवढाच तिचा संसार.

नुसतं बसून मी कंटाळले होते. एक दिवस म्हणाले, "आत्या, मला शिकवता का?"

चाकू थांबला. "कोणी पाठवलं तुला? तुझा नवरा कचेरीत हाय ना?"

"कोणी नाही. मलाच वाटलं."

"असं उगी कोणाला वाटतं व्हय!"

पुढे माहेरी नायगावला गेले, तेव्हा वडिलांच्या शेतात वाळून पडलेली कडुनिंबाची फांदी घेऊन आले. नेहमीची तपासणी झाली. मग तिनं कुऱ्हाडीनं फांदी उभी फोडली आणि एक फाक माझ्यापुढं टाकली. "चाकू पोटाकडं ओढू नको. लाकडाची रेघ कोणीकडं चाललीय बघ, त्याच अंगानं चाल." मला ते अंगच कळायचं नाही. पातळ सालपट निघण्याऐवजी जाड कपची उडायची आणि तिथे खड्डा पडायचा. अंगठा कापला तेव्हा हळद दाबत ती म्हणाली, "लई इश्वास टाकलास त्याच्यावर. आत गाठ असती, वरून दिसत न्हाई." प्रत्येक लाकूड आपल्याला दगा देणार, अशाच नजरेनं ती त्याच्याकडे बघायची. म्हणूनच की काय, तिचा चाटू कधी तडकला नाही.

घरी नवऱ्याचा संशय वेगळाच. "त्या बाईचं माझ्याकडे काहीतरी काम असणार. उगाच का शिकवतेय?" मी हसायचे, पण दुसऱ्या दिवशी आत्याशेजारी बसताना ते मनात यायचंच.

एका सकाळी पाहतो तर चौकात कडुनिंब नाही! बुंधा तेवढा उरलेला, भोवती हिरवा पाला. गल्लीची होती नव्हती ती सावली गेली. लोक जमले. आम्हा बहुतेकांचा घरमालक एकच होता. तो मोठ्यानं म्हणाला, "लाकडाचं काम या गल्लीत कोण करतंय, सगळ्यांना ठावं हाय." झालं, गर्दी आत्याच्या दारात गेली.

मी आधीच तिथे येऊन बसले होते, अर्धा कोरलेला चाटू हातात घेऊन. आत्या उठली आणि बाजूला उभी राहिली, जणू ही माणसं कधीतरी येणार हे तिला ठाऊकच होतं. त्यांनी गाठोडं सोडलं, चुलीमागचं सरपण उपसलं. माझ्या फांदीचा उरलेला तुकडा बाहेर आला.

"हे बघा, कडुलिंब!" घरमालक ओरडला.

"ते माझं आहे," मी म्हणाले. "नायगावहून आणलंय, वडिलांच्या शेतातलं." नवरा गर्दीत होता. तो डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगत होता, खोली जाईल म्हणून. तरी मी बोलले, "आत्यांनी झाड तोडलेलं नाही. एकट्या बाईनं एवढं झाड नेलं तरी कुठं?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मग हळूहळू पांगले. मला वाटलं, आत्या आता जवळ घेईल. ती गाठोड्यातून विखुरलेल्या पटाश्या गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "तू का बोललीस? तुला काय मिळणार याच्यात?" मी रडतच घरी आले.

पुढे टँकरवाल्यानं सांगितलं, की त्यानं तो कडुनिंब गावाबाहेरच्या वीटभट्टीवर पाहिला. घरमालकाच्याच ट्रॅक्टरनं गेला होता. नव्या जिल्ह्यात खोल्यांना गिऱ्हाईक वाढलेलं. लवकरच झाडाच्या जागी त्याच्या नव्या खोल्यांचा पाया खणायला लागले. आत्याची माफी मागायला मात्र कोणी गेलं नाही. तिच्या दारावरून जाताना लोक खाली बघायचे, तेवढंच.

तिनं खोली सोडली, बहिणीकडे किनवटला जायचं ठरवलं. मी स्टँडवर पोचवायला गेले. बसची वाट पाहताना ती आपणहून बोलायला लागली. "माझ्या मालकाला जंगलखात्याच्या लोकांनी धरून नेलं होतं. घरात सागाचा ओंडका सापडला. खेळणी करायला एकानं आणून दिलाय, म्हणाला. सुटून आला, पण लोकांची तोंडं थांबली न्हाईत. मी बी इचारायची, खरं सांग, चोरला का? तो मरेपर्यंत इचारत राह्यले. त्या दिशी तू चारचौघांत बोललीस. मला बी तसं त्याच्यासाठी बोलता आलं असतं."

बस आली आणि ती गेली. पुन्हा आमची भेट झाली नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलावर शाळेत घड्याळ चोरल्याचा आळ आला. तो दारात रडत उभा होता. "खरं सांग" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, पायात चप्पल सरकवली आणि त्याचा हात धरून शाळेकडे निघाले.