आंबिलीची धार

उदगीरच्या अमरेशचं काम काय, असं कुणी विचारलं की त्याचे वडील घाईघाईनं म्हणत, "फोनवर काहीतरी करून राहिलाय." त्यापुढचं त्यांनाही सांगता यायचं नाही. भुसार दुकानाची गादी सोडून पोरगं किनवटच्या जंगलातल्या झोपड्या, नांदेडच्या बागा, तळ्याकाठचे तंबू असलं काहीबाही फोनवर दाखवत हिंडायचं आणि ते बघून लोक तिथं राहायला जायचे. घरदार असताना तंबूत झोपायचं, तेही पैसे मोजून! वडिलांना हे काही केल्या पटत नव्हतं. पण काम चालत होतं हे खरं. गावाबाहेरच्या ज्या तळ्याकडं कुत्रं फिरकत नव्हतं, तिथं शिवकुमार नावाच्या माणसानं कॅम्प टाकला, अमरेशनं त्याची रील केली आणि रविवारी गाड्या लावायला जागा पुरेना.

त्या कॅम्पला लागूनच अमरेशच्या आत्याचं, महानंदाबाईंचं शेत. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. बाई तोंडानं फटकळ. एक बोलायला गेलात तर चार ऐकून याल. पण हात असा मोकळा की येळवशीला त्यांच्या कोपीतून कुणी उपाशी गेल्याचं गावात ऐकिवात नव्हतं. मार्गशीर्षातल्या या वेळा अमावस्येला या भागात घरं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपट उभारून त्यात दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. धोंडाबाई तशी. वर्षभर महानंदाबाईंच्या शेतात खुरपणारी ही बाई येळवशीला दुपारच्या एस्टीनं येणारी नातवंडं उतरवून घ्यायची आणि थेट कोपीवर यायची. तिची येळवस तीच.

अमरेशनं याचीच रील केली. आत्याची कोप, हरभऱ्याचं शिवार, आणि वर त्याचा गोड आवाज : "आमच्याकडं येळवशीला आवतण लागत नाही मंडळी, या!" खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. पण ते गावानं गावाला म्हणायचं असतं, लाखभर अनोळखी माणसांना नाही. एवढं त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

येळवशीला लातूरहून, नांदेडहून गाड्या आल्या. हैदराबादच्याही दोन-तीन होत्या. शिवकुमार हसत हसत एकेक घोळका बांधावरून आत सोडत होता. आत्यानं एकदा अमरेशकडं पाहिलं.

"कोण रं ही समदी?"

"पाव्हणे हायत आत्या."

"असं व्हय? मग बसवा पंगतीला," म्हणून आत्यानं पदर खोचला. आल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि अमरेशला ते पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे जेवले, पण कसे! कुणाला भज्जी गिळवेना, कुणी आंबिलीचा घोट घेऊन "आंबट आहे" म्हणत पेला बांधावर ओतला. अमरेशला मात्र एकच घोर लागला होता. नव्या रीलसाठी उंचावरून ओतताना आंबिलीची धार उन्हात चमकायला हवी होती. एकदा मातीच्या डेऱ्यातून ओतली, मागं कुणी आडवं आलं. पुन्हा ओतली, धार तुटली. पुन्हा. पेला भरून वाहून जात होता, माती भिजत होती. पिकावर शिंपडतातच की, वाया कुठं चाललीय, असं त्यानं स्वतःला समजावलं. शेवटी धार जमली. झकास जमली. डेरा रिकामा झाला होता.

ऊन कलल्यावर धोंडाबाई नातवंडांना घेऊन बांधावर आली. पातेल्यात भज्जीची खरड तेवढी होती. आत्या उठून उभ्या राहिल्या. एवढी तोंडाळ बाई, पण बोलताना अडखळली.

"धोंडे, अवंदा माझा अंदाज चुकला बग. आंबील कमीच केली मी. वय झालं."

अमरेश हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं फोन खिशात घातला. धोंडाबाईनं नातवंडांचे हात धरले, "ऱ्हाऊ द्या अक्का," म्हणाली आणि माघारी फिरली.

रील तुफान चालली. शिवकुमारनं पुढच्या येळवशीचं बुकिंग आत्ताच घेऊ म्हणून फोन केला. पण गावात भलतंच चालू झालं होतं. नळावरच्या बाया म्हणू लागल्या, महानंदाबाईचा हात आखडला. गाडीवाल्यांना वाढलं आणि राबणारीला रिकामं धाडलं. आत्याच्या कानावर गेलं, तरी त्यांनी भाच्याचं नाव घेतलं नाही. अमरेशला घास गोड लागेना. त्यानं रील काढून टाकली, तरी छातीवरचा धोंडा काही हलेना. अखेर तो धोंडाबाईच्या दारात गेला.

"मावशी, आत्याची चूक न्हाई. आंबील मी संपवली."

धोंडाबाईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"तू तिथंच हुतास न्हवं?"

"हाव."

"मग तवा का न्हाई बोल्लास?"

अमरेश दारातच खाली बसला.

"मला सांगून काय उपेग? मी साऱ्या गल्लीत तिला नावं ठेवून बसले. तुझं तर लई लोक ऐकतेत म्हणं. त्यास्नी सांग की."

अमरेशनं घरी येऊन फोन समोर धरला. "नमस्कार मंडळी," म्हणाला, आणि त्याची त्यालाच किळस आली. आवाज तोच गोड, तंबू विकणारा. त्यानं फोन उपडा टाकला आणि सकाळी नळावर गेला.

बायांनी घागरी खाली ठेवल्या. धोंडाबाई म्हणाली, "बोल आता."

"आत्यानं डेराभर आंबील केली व्हती," तो म्हणाला. "मीच सांडली."

"सांडली?" एक म्हातारी पुढं झाली. "अन्न सांडलं? कशापायी रं बाबा?"

अमरेशनं मान खाली घातली.

"फोनमधी धार नीट दिसत न्हवती म्हणून."