कवळीवाल्याचं इंजिन

आमच्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते आमच्या ह्यांना. "एक भाऊ इंजिन चालवतो आणि एक लोकांचे दात घासतो," असं हे चारचौघांत म्हणायचे. चारचौघं हसली की भाऊजीही हसायचे. मला राग यायचा तो त्या हसण्याचा. माणसानं इतकीही गरीब गाय होऊ नये.

हे वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. वाफेची इंजिनं भंगारात गेली, ह्यांची नोकरी संपली, पण रुबाब काही संपला नाही. घरात पाणी मागायचं तरी शिट्टी दिल्यासारखं. भाऊजींनाही खरं तर ड्रायव्हरच व्हायचं होतं. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. त्यावर हे म्हणाले होते, "बरं झालं, गाडीतली माणसं वाचली." मग भाऊजींनी कवळ्या बनवायचं काम धरलं आणि त्यातच केस पांढरे केले.

गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत एकट्याचा संसार. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, दिवसभर हातात लोकांचे जबडेच असतात, घरात आणखी एक कशाला?" फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, टेबलावर मेणाचे तुकडे आणि कोरायची नाजूक हत्यारं, आणि खिडकीशी ते कापडी चाक. कवळी तयार झाली की ओली पूड लावून त्या चाकावर धरायची आणि काचेसारखी होईपर्यंत घासायची. "तोंडातली वस्तू जिभेला कळता कामा नये," हे त्यांचं ब्रीद. आणि दुसरं एक सांगायचे, "नीट बसली की माणूस गप्प होतो. परत येऊन बोलायला लागला, की समजायचं कुठंतरी टोचतंय."

ह्यांचे दात गेले तेव्हा कवळी अर्थातच भाऊजींनी केली. माप घेताना हात थरथरत होता त्यांचा. कवळी आणून दिली आणि दाराशी उभे राहिले, चप्पल घालायचं विसरून. हे काही बोलले नाहीत. भाऊजी त्यांच्याच नियमाप्रमाणे खूश होऊन गेले.

काम थांबवल्यावर भाऊजींनी इंजिन मागवलं. खोटं, पण वाफेवर चालणारं, सुटे भाग जोडून करायचं. ह्यांनी जे इंजिन सगळ्यात जास्त वर्षं चालवलं, नेमकं त्याच जातीचं, लांबीला माझ्या हाताएवढं. खोके आले, त्यात तांब्याचा बॉयलर, लोखंडी चाकं, पितळी सिलिंडर, आणि मोहरीएवढे स्क्रू पाकिटांतून. बरोबर जाडजूड माहितीपुस्तक. भाऊजी ते हातात घेऊन पहिल्यांदा आमच्याकडेच आले.

"दादा, हा दांडा आधी की हे चाक आधी?"

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "पुस्तक दिलंय ना त्यांनी? वाच की. डोळे अधू आहेत, अक्षरओळख तर आहे."

भाऊजी वाचायला लागले. कवळ्यांची हत्यारं इंजिनाला लागली. मेण कोरायच्या सुरीनं त्यांनी खिळ्यांच्या डोक्यांमधला रंग काढला, दातांच्या फटी कोरायच्या कानशीनं शिट्टीचं भोक साफ केलं. मी डबा घेऊन जायची तेव्हा इंजिन थोडं थोडं वाढलेलं दिसायचं. आधी नुसता सांगाडा, मग चाकांवर उभा, मग पोट, मग धुराडं. आदल्या दिवशीचा डबा तसाच झाकलेला असायचा. मी ओरडायची आणि ते म्हणायचे, "दादाला आवडेल ना हो?"

मला काय माहीत? त्या माणसाला मी केलेली आमटी आवडते का, हेसुद्धा मला जन्मभर कळलं नाही. मीठ कमी पडलं तेवढं कळायचं.

काही वर्षांनी इंजिन तयार झालं तेव्हा भाऊजींनी आमच्या मागच्या अंगणात फळ्यांवर गोल रूळ मांडले. शेजारपाजारचे जमले. ह्यांच्यासाठी मधोमध खुर्ची. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावला, आणि आम्ही सगळे त्या इवल्याशा धुराड्याकडे बघत बसलो. पाणी बोलायला लागलं. वाफ धरली. भाऊजींनी शिट्टी वाजवली तेव्हा मला खरंच भरून आलं. मग त्यांनी वाफेची कळ पुढे सारली.

चाक हललं नाही. धुराड्यातून नुसती फुसफुस. भाऊजींनी बोटानं ढकलून बघितलं. चाक अर्धं फिरलं आणि पुन्हा थांबलं. फुसफुस चालूच.

हे खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. डोळे मिटून ऐकत होते. "वाफ सरळ बाहेर चाललीय," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह कापडी चाकावर धरलास?"

"धरला ना. आरशासारखा केलाय, दादा."

"तिथंच माती खाल्लीस. कडा गेल्या त्याच्या. तो सपाट लागतो, गुळगुळीत नाही. सपाट बसला नाही तर वाफ अडणार कशी?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "इंजिन कुठलं, ह्यानं कवळी केलीय. लावा कुणाला तरी."

अंगण हसलं. भाऊजीही हसले. दिवा विझवला, आणि इंजिन गार व्हायच्या आधीच उचललं. बोटं भाजली असणार, पण हूं की चूं केलं नाही.

त्या दिवशी मी ह्यांच्यापुढे ताट आदळलं. "जन्मात एकदा त्याला बरं म्हटलं असतंत तर तुमची जीभ झडली असती का?" हे जेवत राहिले. भावानं केलेल्या दातांनी नव्हे. ते दात कपाटात, डबीत पडून होते. भाऊजींनी आणून दिली त्याच दिवशी ह्यांनी माझ्यासमोर ती कवळी लावून अख्खं सफरचंद खाल्लं होतं, सालीसकट, आणि मग काढून ठेवली ती कायमची. आठवड्याभरानं कामाचं निमित्त काढून दुसऱ्या गावी गेले आणि कुठल्या तरी परक्या माणसाकडून दुसरी करून आणली. ती टोचायची. हिरड्या सोलायच्या. मी विचारलं, "हा काय शहाणपणा?" तर म्हणाले, "रोज घास घेताना त्याचे उपकार आठवायचे का मी?" आणि मला बजावलं, ह्यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. गेलं नाही. घरची अब्रू नेहमी आम्ही बायकांनीच गिळायची असते.

भाऊजींनी व्हॉल्व्हचा नवा तुकडा मागवला. ह्या वेळी चाकाकडे गेलेच नाहीत. टेबलावर जाड काच ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, आणि बोटाखाली तुकडा धरून सावकाश घासत बसले. थोडं घासायचं, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं. "आता चकाकत नाही बघा," मला दाखवून म्हणाले, जणू चकाकणं हा गुन्हाच होता.

तोवर ह्यांच्या हृदयानं दगा दिला होता. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या आणि आम्ही पलंग अंगणाकडच्या खिडकीला लावला. भाऊजींनी खिडकीखाली रूळ मांडले. ह्या वेळी शेजारी बोलावले नाहीत, खुर्ची नाही, इस्त्रीचा सदराही नाही. मी ह्यांच्या पाठीला उशा लावून बसवलं.

इंजिन निघालं. आधी एक सुस्कारा, मग दुसरा, आणि मग दांडे वर-खाली करत ते असं पळायला लागलं की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. एक फेरी, दुसरी फेरी. भाऊजी इंजिनाकडे बघतच नव्हते. ते खिडकीकडे बघत होते.

ह्यांचे ओठ हलले. भाऊजी धावत खिडकीशी आले.

"पाणी बघ," हे म्हणाले. "काचनळीत पाणी कमी झालंय. बॉयलर जाळशील." आणि भिंतीकडे तोंड केलं.

पाणी खरंच कमी झालं होतं. भाऊजींनी दिवा विझवला. इंजिन थोडं पुढे गेलं आणि थांबलं. मी खिडकीच्या आत उभी, ते बाहेर. भाऊजी म्हणाले, "लक्ष होतं हो दादाचं." मला त्या पलंगावरच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला. आजारी माणूस होता म्हणून नाही घातला.

पुढच्याच महिन्यात हे गेले. आले-गेले पांगले, घर रिकामं झालं, आणि एका दुपारी भाऊजी आले. चहा घेतला. मग म्हणाले, "वहिनी, दादाची कवळी द्याल? घरात ठेवून काय करायचीय."

मी मोरीतल्या पेल्यातली आणून पुढे ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

"ही नाही. माझी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? समोर बसून हसायचा ना तो. माझ्या हातचे दात मी ओळखणार नाही का? ही लावली त्या पहिल्याच दिवशी कळलं."

"मग ते इंजिन कशाला केलंत, भाऊजी? इतकी वर्षं कशाला घालवलीत?"

"म्हटलं, दात जमले नसतील. इंजिन तरी जमेल."

मी कपाटातून डबी काढून दिली. त्यांनी कवळी बाहेर काढली, अंगठा फिरवला. नवीकोरी होती. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांगा, वहिनी. टोचत होती ना त्याला?"

ते सफरचंद माझ्या डोळ्यांसमोर आलं, सालीसकट.

"हो," मी म्हटलं. "टोचत होती."

भाऊजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "डावीकडे ना? मागच्या बाजूला? मला शंका होतीच. तिथं माप घेताना माझा हात हलला होता." आणि चप्पल घालून, कवळी मुठीत धरून, लगबगीनं निघाले. आमच्या घरातले ड्रायव्हर हे, पण घाईनं जाताना मी फक्त भाऊजींनाच बघितलं.

थोड्या वेळानं मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. इंजिन फळीवर जबड्यांच्या शेजारी ठेवलेलं होतं, वर फडकं टाकून. खिडकीशी कापडी चाक फिरत होतं. भाऊजी वाकून कवळीची डावी बाजू घासत होते.