बिल नंबर भरल्याशिवाय

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एका बियाणं कंपनीत मी कॉम्प्युटरवाला होतो. फिरतीवरच्या माणसांनी आपला खर्च ब्राउझरमध्ये भरायचा, असा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला. काय तोरा होता माझा! त्याआधी हिशेबखात्यातले नाना नावाचे जुने कारकून व्हाउचरं बघायचे. 'त्या गावाला एसटी जात नाही, जीपच करावी लागते,' असं पुटपुटत सही ठोकायचे. मला तो सगळा गबाळा कारभार वाटायचा. म्हणून मी नियम घातला: बिल नंबर भरल्याशिवाय पान पुढे सरकणार नाही.

शिकवायला धुळ्याच्या शाखेत गेलो. तिथल्या सर्वांत जुन्या विक्री प्रतिनिधीला सगळे भाऊ म्हणत. साक्रीकडच्या खेड्यांत काळ्यापिवळ्या जीपला लटकून जायचं आणि शेतकऱ्याच्या ओट्यावर झोपायचं, ही त्यांची फिरती. त्यांनी आपल्या अहिराणीत शांतपणे विचारलं, "बिल नही शे, पन खर्च ते व्हयना ना भो?"

काहीतरी नंबर ठोकून द्या, मी म्हणालो. त्यांनी नंबराचा रकाना कोराच ठेवला.

बाकीच्यांना एवढं सांगावंही लागलं नाही. पठ्ठ्यांनी छापखान्यातून एका लॉजची बिलबुकं छापून घेतली नि आपसांत वाटली. सात जणांची बिलं, नंबर ओळीने! धडधडीत खोटं, आणि माझा शहाणा प्रोग्रॅम ते पटापट पास करत होता. भाऊंचं मात्र एकही पान पुढे गेलं नाही. चार महिने ते पदरमोड करून फिरले. शाखेतून फोन यायचे, मला सगळं ठाऊक होतं. तो नियम काढणं माझं दहा मिनिटांचं काम होतं. पण साहेब प्रोग्रॅमवर खूश होते आणि माझी पगारवाढ तोंडावर आली होती. मी गप्प बसलो. आजही स्वतःची चीड येते.

मग धुळ्याचा एक माणूस कमी करायचं ठरलं. कोणी किती दौरे केले, ती यादी साहेबांनी माझ्याकडूनच काढून घेतली. पुढे न सरकलेलं पान प्रोग्रॅम मोजतच नव्हता. भाऊंच्या नावापुढे शून्य आलं. हा माणूस चार महिने घरी बसून पगार खातो, साहेब म्हणाले. मग यादीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, हे बरोबर आहे ना?

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.